मागच्या फाटकाने मीटिंगला

आमच्या बाबांचं पोट दहा वर्षं बिघडलेलं होतं, आणि त्या पोटाला काडीइतकंही काही झालेलं नव्हतं. पोट बिघडल्याची ही बातमी आईने तयार केली, तिनेच ती सक्करदऱ्यातल्या आमच्या गल्लीपासून तिच्या माहेरी खाप्यापर्यंत पोचवली आणि तिनेच ती इतकी वर्षं जपली. बाबा कोणाच्या लग्नाला आले नाहीत, की पोट. कचेरीत दोन दिवस गैरहजर, की पोट. संध्याकाळी कोणी भेटायला आलं आणि बाबा आतल्या खोलीत भिंतीकडे तोंड करून पडलेले असले, तर आई ओठांवर बोट ठेवून म्हणायची, "आत्ताच डोळा लागला त्यांचा. पोट भल्लं दुखून राहिलं होतं." समाजातल्या बायका मनाने चांगल्या. त्या ओवा घेऊन यायच्या, हिंग घेऊन यायच्या, बेलाचा मुरंबा, कुठल्याशा वैद्याचं काळं चूर्ण. आमच्या स्वयंपाकघरात एक अख्खी फळी बाबांच्या पोटाची होती. कधी काळी शुद्धीवर असताना बाबा एखाद्या पंगतीला बसलेच, तर बिचाऱ्यांना सगळ्यांसमोर ताकभात खावा लागायचा. भिवापुरी मिरचीचा ठेचा भाकरीवर थापून खाणारा माणूस, शेजारच्याच्या पानातल्या वांग्याच्या रश्श्याकडे बघत मुकाट्याने ताकभात कालवायचा. मला तेव्हाही हसू यायचं आणि आजही येतं.

आईला खोटं बोलायची हौस नव्हती. घरात दोन मुली होत्या. मी मोठी, तेव्हा बारावीत, बेबी धाकटी. बाप पितो हे समाजात कळलं तर मुलींना कोण करून घेणार, हा तिचा घोर होता, आणि त्या काळी तो काही उगाच नव्हता. शेजारच्या निर्मलामावशी सोडल्या तर खरी गोष्ट बाहेर कोणालाच ठाऊक नव्हती, निदान आईला तसं वाटायचं.

बाबा मारकुटे नव्हते, हे सांगायलाच हवं. पाटबंधारे खात्यात कारकून होते, अक्षर मोत्यासारखं, स्वभावाने गमत्ये. पिऊन आले की गायचे, मग रडायचे, मग आम्हा तिघींची पाळीपाळीने माफी मागायचे आणि जेवणाच्या ताटासमोर बसल्या बसल्या झोपून जायचे. आमच्या घराला संध्याकाळी कानच असायचे फक्त. सायकलचं स्टँड एका ठोक्यात लागलं, की आई तव्यावर पोळी टाकायची आणि घर पुन्हा बोलायला लागायचं. स्टँड दोन-तीनदा खरखरलं, की ती काही न बोलता गॅस बारीक करायची, आणि मी बेबीला पाढे म्हणायला निर्मलामावशींकडे धाडायची. गोळाभाताच्या फोडणीचा वास आणि ती खरखर, दोन्ही माझ्या मनात असे एकत्र बसले आहेत की आजही कोणाकडे गोळाभात वाढला की मी आधी दाराकडे बघते. मुलगा म्हणतो, "आई, कोण येणार आहे?" काय सांगणार त्याला.

त्या वर्षी संक्रांतीच्या आठवड्यात बाबा तलावाच्या वळणावर सायकलसकट पडले. एका भाजीवाल्याने हातगाडीवर घालून, मेथीच्या जुड्यांच्या शेजारी बसवून त्यांना घरी आणलं. भर दुपारी. सगळी गल्ली दारात. आईने भाजीवाल्याला पाणी दिलं, तिळगूळ दिला, त्याच्याकडून दोन जुड्या मेथीही घेतल्या. मग दार लावून बाबांसमोर उभी राहिली. ती ओरडली असती तर बरं झालं असतं. "रविवारी माह्यं हळदीकुंकू हाये," ती म्हणाली. "वाण आणून ठेवलं आहे, बायकाईले सांगून झालं आहे. ते होऊ द्या. सोमवारी सकाळच्या एसटीनं मी पोरींले घेऊन खाप्याले चालली. मंग तुम्ही अन् तुमचं पोट." हळदीकुंकू आटपल्याशिवाय संसार मोडायचा नाही, असा तिचा हिशेब होता. माझी आई अशीच होती. पण तिचा आवाज मी ओळखत होते. ती जाणार होती. आणि ती गेली असती तर बाबा दोन वर्षंही जगले नसते, हे मला त्या वयातही दिसत होतं.

मीटिंगचं आम्हाला कोपऱ्यावरच्या दवाखान्यातल्या डॉक्टरकाकांनी सांगितलं. बाबांच्या कोपराला पट्टी बांधता बांधता ते म्हणाले, "वसंतराव, माझ्याजवळ याचं औषध नाही. पण लकडगंजात, आरा मशीनच्या गल्लीत एक सभागृह आहे न, तिथं रविवारी चार वाजता दारू सोडणाऱ्या लोकांची मीटिंग होते. बोर्ड-गिर्ड काही लावत नाहीत. जायचं, बसायचं. एकेक जण उठते, आपलं नाव सांगते. नुसतं नाव, आडनाव नाही. मंग आपलं जे काय असंन ते सांगते. कोणी काही विचारत नाही, कोणी हसत नाही." एवढीच माहिती. आज आमच्या बिल्डिंगमधल्या एका पोराला अशी मीटिंग हवी होती, तर त्याच्या बायकोने माझ्यासमोर मोबाइलवर बोट फिरवलं आणि पत्ता, वेळ, खोली, जवळचं मेट्रो स्टेशन, सगळं अर्ध्या मिनिटात काढलं. मी म्हटलं, बाई गं, तू फार लवकर पोचशील. आम्हाला पोचायला एक अख्खी दुपार लागली आणि वाटेत सगळा समाज लागला.

रविवारी आईने जेवायला तिळाच्या पोळ्या केल्या होत्या. बाबांनी सकाळपासून घेतलेली नव्हती, त्यामुळे पोळी त्यांच्या घशाखाली उतरेना. आई स्वतः येणार नव्हती. संध्याकाळी हळदीकुंकू, आणि शिवाय कोणी पाहिलं तर? बाबांसोबत मी जायचं ठरलं. दोघांच्या दोन सायकली. निघताना तिने मला बाजूला घेऊन बजावलं, "तू पुढं नको राहू, मागं राह्य. ते कोठी वळले का घंटी वाजवजो." सक्करदऱ्याहून लकडगंजला जाईस्तोवर मी पाच वेळा घंटी वाजवली. त्यातल्या दोन वेळा बाबा खरोखर वळत होते. तीन वेळा बिचारे फक्त खड्डा चुकवत होते. शेवटी ते मागे वळून म्हणाले, "कुंदे, तू पोलीसखात्यात जाय वं." 

लकडगंजला रविवारी आरा मशिनी बंद असतात, पण गल्लीभर ताज्या कापलेल्या सागाचा वास भरून राहिलेला असतो. सभागृहाच्या पुढच्या फाटकाशी बरीच स्कूटरींची गर्दी दिसली. लांबूनच ती पाहून बाबा थबकले. "इकडून नको," ते म्हणाले. "कोणी वयखीचं भेटलं तर? मागून जाऊ." आम्ही लाकडाच्या थप्प्यांमधून सायकली ढकलत मागच्या फाटकाने आत शिरलो. तिथे आचारी बुंदी पाडत होता. दाराशी एका टेबलामागे चष्मेवाल्या एक बाई बसल्या होत्या. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, बाबांकडे पाहिलं, आणि विचारलं, "नाव?"

बाबांनी आवाज खाली आणला. "नुसतं नाव सांगितलं तर चालते न?"

"चालते न," बाई वहीतून मान वर न करता म्हणाल्या. "बाकीचं स्टेजवर सांगजा." आणि त्यांनी एक लाल बिल्ला माझ्या ओढणीला टाचला. त्यावर सदतीस लिहिलेलं होतं.

बाबांना ही पद्धत फार पसंत पडली. "पाहिलं? नाव नाही, गाव नाही, नंबर," ते मला म्हणाले. "अन् बिल्लाही सोबत आलेल्याच्या अंगावर, पेणाऱ्याच्या नाही. व्यवस्था चांगली आहे गड्या यांची." आत दोन-तीनशे माणसं बसली होती. बाबांनी सगळ्यात मागची, एका जाड खांबाआडची जागा धरली. तिथून आम्हाला स्टेजवरचा माईक दिसत होता आणि माईकशी येणाऱ्या माणसाचा अर्धा खांदा. मागचा पडदा, त्यावर लिहिलेलं काही, खांबाने सगळं गिळलं होतं. लपायलाच आलो होतो, तर खांब सोडून कुठे बसणार?

माईकवर एक सुटातला मुलगा आला. त्याने नाव सांगितलं, बी.कॉम. झाल्याचं सांगितलं, बँकेत असल्याचं सांगितलं, आणि छाती पुढे काढून म्हणाला, "मला कोणतंही व्यसन नाही." टाळ्या पडल्या. बाबांनी माझा हात दाबला. "पाह्य वं! सुटली याची. अन् वय पाह्य, पंचवीसही नसंन." मग दुसरा आला, शिक्षक होता. तोही निर्व्यसनी. तिसऱ्याने तर सुपारीसुद्धा खात नाही म्हणून सांगितलं. बाबा थक्क झाले. "याची सुपारीही सोडवली यांनी!" मग त्यांना खांबाच्या कडेने पहिल्या रांगेतले अण्णासाहेब दिसले. अण्णासाहेब म्हणजे आमच्या समाजाचे अध्यक्ष, पांढरंशुभ्र धोतर, काळी टोपी, चहालाही न शिवणारा माणूस. बाबा कितीतरी वेळ बघत राहिले. "अण्णासाहेबही?" ते पुटपुटले. मग त्यांना अण्णासाहेबांशेजारचे वकील दिसले, मग आमचे दूरचे एक नातलग, मग माझ्या शाळेचे निवृत्त मास्तर. "अरे बापा," बाबा म्हणाले, "आपला अख्खा समाज पेते, अन् मी दहा वर्षं समजून राहिलो का मी एकटाच." त्यांचा चेहरा असा मोकळा झालेला मी कितीतरी दिवसांत पाहिला नव्हता.

मला तोवर कळून चुकलं होतं. शेजारच्या एका बाईंनी माझी उंची विचारली होती. दुसरीने माझी वेणी हातात घेऊन जाडी पाहिली होती. आणि मुलींच्या बाजूने एक हिरवा शालू नेसलेली, माझ्यासारखाच लाल बिल्ला लावलेली मुलगी उठून 'स्वयंपाकाची आवड आहे' असं माईकवर सांगू लागली, तेव्हा शंकाच उरली नाही. हा आमच्या समाजाचा वधू-वर परिचय मेळावा होता. मेळावा त्याच रविवारी आहे हे घरी ठाऊक होतं, पत्रकही आलेलं होतं. पण मी अजून शिकत होते म्हणून ते कोणी नीट वाचलं नव्हतं, आणि आईने त्यावर तिळाचे लाडू गार करायला मांडले होते. पत्ता लाडवांखाली गेला.

आता खरं सांगते, कारण हे प्रकरण मी त्याचसाठी लिहायला घेतलं आहे. मी बाबांना त्याच क्षणी सांगू शकले असते. 'बाबा, चुकलो, उठा,' एवढे तीन शब्द. आम्ही आलो तसे मागच्या फाटकाने निघून गेलो असतो आणि कोणाला काही कळलंही नसतं. पण मी बाबांना ओळखत होते. एकदा बाहेर पडले की ते म्हणाले असते, जाऊ दे, पुढच्या रविवारी पाहू. गल्लीच्या टोकाला दारूचं दुकान होतं. ते मीही पाहिलं होतं आणि त्यांनीही. पुढचा रविवार आमच्याजवळ नव्हता. सोमवारची एसटी होती. मी अण्णासाहेबांच्या टोपीकडे बघत गप्प बसले. माझं लग्न, आईची दहा वर्षांची मेहनत, सगळं मला दिसत होतं, आणि तरी मी गप्प बसले. सतरा वर्षांच्या मुलीने बापाला असं तोफेच्या तोंडी द्यावं का? मला अजूनही नक्की सांगता येत नाही.

"नंबर सदतीस," माईकवरचा माणूस म्हणाला. "मुलीनं किंवा मुलीच्या पालकांनी यावं."

'मुलीनं' हा शब्द बाबांनीही ऐकला असणार. पण बाबा ताडकन उठले, सदऱ्याची गुंडी लावली आणि मधल्या वाटेने सरळ चालत गेले. मी मागे धावले. स्टेजच्या पायरीशीच थांबले.

"माझं नाव वसंत," बाबा माईकमध्ये म्हणाले.

"आडनाव?" सूत्रसंचालकाने हळूच विचारलं.

"आडनाव नाही सांगायचं न इथं?" बाबा म्हणाले, आणि लोक हसले. त्यांना वाटलं, माणूस गमतीदार आहे. बाबांनी हसणं संपू दिलं. "मी दारू पेतो," ते म्हणाले. "रोज पेतो. आज सकाळपासून नाही घेतली, म्हणून हे दोन शब्द नीट बोलून राहिलो. पोट-बिट काही दुखत नाही माह्यं. माह्यी बायको लोकाईले पोट सांगते, कारण खरं सांगाची तिले लाज वाटते. अन् लाज मले वाटाले पाहिजे होती. परवा मले भाजीच्या गाडीवर घरी आणलं. मोठी पोरगी सोबत आणली आहे, सायकलची घंटी वाजवत वाजवत आणलं तिनं मले. मले सोडाची आहे. एकट्यानं सुटत नाही. बस."

टाळ्या पडल्या नाहीत. बुंदीच्या कढईतल्या तेलाचा आवाज मागून स्टेजपर्यंत ऐकू येत होता. अण्णासाहेबांनी टोपी काढून मांडीवर ठेवली होती. कोणीतरी फिस्सकन हसलं, कोणीतरी त्याला दटावलं. आणि बाबांनी तेव्हा पहिल्यांदा मागे वळून पडदा पाहिला. त्यावर हात जोडलेल्या नवरा-नवरीचं चित्र होतं.

मला वाटलं आता संपलं. तेवढ्यात बायकांच्या रांगेतून जांभळ्या लुगड्यातल्या एक बाई उठल्या. त्यांच्या शेजारीच ती हिरव्या शालूतली मुलगी बसली होती. तिचीच आई त्या. मुलीने त्यांचा पदर ओढला, तो त्यांनी सोडवून घेतला. "भाऊ," त्या खणखणीत आवाजात म्हणाल्या, "ते मीटिंग वर आहे, जिन्यावरच्या खोलीत. दर रविवारी असते. माह्ये मालक तिथंच बसले आहेत आत्ता. चार वर्षं झाले, घेतली नाही त्यांनी. या, मी दाखवते." आणि त्या सरळ चालत पुढे आल्या. मुलीला स्थळ पाहायला आलेल्या बाईने भर मेळाव्यात नवऱ्याची दारू सांगितली! त्यांचं नाव मी लिहीत नाही, पण त्या आज हयात असत्या तर मी त्यांच्या पाया पडले असते. त्या दिवशी घाईत राहून गेलं.

वरच्या खोलीत सात-आठ माणसं बाकांवर बसली होती. एक आरा मशीनवरचा मिस्त्री, भुवयांवर अजून भुसा असलेला, एक प्राध्यापक, एक रिक्षावाले. जांभळ्या लुगड्यातल्या बाईंचे यजमान चहा गाळत होते. मला कोपऱ्यात स्टूल मिळालं. मिस्त्री म्हणाले, "बसा भाऊ. आपलं नाव सांगता?" बाबा बसले, घाम पुसला आणि म्हणाले, "आत्ताच सांगून आलो गा. तीनशे लोकाईले." काय घडलं ते त्यांनी सांगितलं आणि ती माणसं जी हसायला लागली, ती थांबेनात. प्राध्यापकांच्या डोळ्यांना पाणी आलं. दारू सोडायच्या मीटिंगमध्ये इतकं हसतात हे मला तोवर माहीत नव्हतं. मी समजत होते, तिथे सगळे माना खाली घालून बसत असतील. दहाएक मिनिटांनी दार हळूच उघडलं आणि निळा बिल्ला लावलेला एक सूट आत आला. सुपारीसुद्धा न खाणारा तोच मुलगा. कोणाकडे न बघता तो शेवटच्या बाकावर बसला. बाबांनी सरकून त्याला जागा करून दिली.

आम्ही घरी पोचलो तेव्हा दिवे लागले होते, आणि आमच्या आधी बातमी पोचली होती. मेळाव्यातल्या पाच-सहा जणी रिक्षा करून थेट आईच्या हळदीकुंकवाला आल्या होत्या. अंगणात बायकांच्या चपलांचा ढीग, आत अत्तराचा वास. आम्ही सायकली लावल्या. बायकांचं हळदीकुंकू चाललेलं, त्यामुळे बाबा आत जाईनात, अंगणातच उभे राहिले. आई हातात कुंकवाचं तबक घेऊन दारात आली. तिच्या मागे सतरंजीवर बसलेल्या पंधरा-वीस जणी मान लांब करून बघत होत्या.

"जाऊन आले?" आईने विचारलं.

"हो. पण आधी चुकीच्या ठिकाणी बोललो."

"समजलं मले. या सगळ्या तेच सांगून राहिल्या. मंग बरोबर ठिकाणी?"

"तिथंही बोललो. पुढच्या रविवारी परत बोलावलं आहे."

आईने एक मोठा श्वास घेतला. मला वाटलं, आता ती तबक आपटणार. ती बायकांकडे वळली. "ऐकलं न बाई सगळ्यांनी?" ती म्हणाली. "पोटाचं काही नव्हतं त्यांच्या. दारू पेत होते. दहा वर्षं मी तुमच्याशी खोटं बोलली. आजपासून कोणी चूर्ण-बिर्ण आणू नका." मग सगळ्यात म्हाताऱ्या, दात नसलेल्या यमुनाआजी कोपऱ्यातून म्हणाल्या, "माय वं! मंग माह्या अर्धा किलो ओव्याचं तू काय केलं?" आणि अख्ख्या सतरंजीवर हसू फुटलं. बायका एकमेकींच्या अंगावर पडून हसल्या, आई तबक धरून दाराच्या चौकटीला टेकली आणि हसता हसता रडली. निर्मलामावशींनी तिच्या हातातलं तबक काढून घेतलं, नाहीतर कुंकू सगळीकडे झालं असतं. त्या दिवशीचं वाण, चहाच्या प्लास्टिकच्या गाळण्या, मीच वाटलं.

सोमवारी कोणी खाप्याला गेलं नाही. बाबा त्यानंतर दोनदा घसरले, एकदा होळीला आणि एकदा साहेबांच्या निरोपसमारंभाला, आणि दोन्ही वेळा त्यांनी स्वतःच पुढच्या रविवारी वर जाऊन सांगितलं. तिसऱ्यांदा नाही. मामाच्या मुलाच्या लग्नात ते खाप्याला पंगतीत बसले आणि त्यांनी इतकं तिखट वांगं खाल्लं की पोट खरोखरच बिघडलं. पण त्यावर कोणाचा विश्वास बसेना. माझं लग्न जमायला वेळ लागला, हे खोटं कशाला सांगू. तीन स्थळं बापाचं नाव ऐकून परत गेली. चौथ्यांनी विचारलंही नाही. ज्यांनी विचारलं नाही त्यांच्याकडे मी तीस वर्षं नांदले, आणि त्यांना सगळं आधीपासून माहीत होतं हे मला फार नंतर कळलं.

त्या मेळाव्यात मी गप्प बसले होते, हे बाबांना सांगायला मला पंधरा वर्षं लागली. मी माहेरी आले होते. दुपारची वेळ, ओसरीवर सूप घेऊन बाबा, आई आणि मी तुरीच्या शेंगा सोलत होतो. मी सगळं सांगून टाकलं. मला कळलं होतं, मी तुम्हाला उठू दिलं, असं. बाबा शेंग सोलता सोलता म्हणाले, "अण्णासाहेब दिसले तेव्हाच मले समजलं होतं वं. तो माणूस चहा नाही पेत, दारू कुठून पेणार?"

"मग उठलात कशाला?"

"म्हटलं, वरच्या खोलीत सांगितलं तर सात लोकाईले माहीत होईन. सात लोकाईपासून तोंड लपवणं मले जमलं असतं. तीनशे लोकाईपासून कुठं लपतो? म्हणून उठलो."

बाबा थापा मारण्यात पटाईत होते. त्यांच्या तोंडावरची रेषसुद्धा हलली नाही, त्यामुळे हे खरं की त्या क्षणी सुचलेलं, मला ठरवता येईना. मी आईकडे पाहिलं.

"काही समजलं नव्हतं यांले," आई म्हणाली. "घरी आले तेव्हा हात पाहिले होते मी यांचे. कसे थरथरत होते."

"ते दारू नव्हती न घेतली दिवसभर," बाबा म्हणाले. "त्याच्यानं थरथरत होते."

"नाही," आई म्हणाली. "दारूचं थरथरणं मी दहा वर्षं पाहिलं आहे. ते येगळं होतं. धक्का बसलेल्या माणसाचं होतं ते."